कानापर्यंत हात

हलीमाबाईंची शोकसभा. शनिवार, १९ जुलै. वेळ सकाळी साडेदहा. जागा: लातूरच्या आमच्या जुन्या शाळेतला चौथीचा वर्ग. हजर: मुख्याध्यापक आणि शाळेचे शिक्षक, हलीमाबाईंचे धाकटे भाऊ युसुफभाई, ज्यांचं गंजगोलाईच्या बाजारात किराणा दुकान आहे, नांदेडहून आलेली बाईंची मुलगी नसरीन, पत्र्याच्या शेडमधल्या जुन्या पालकांपैकी आठ-दहा बाया, बाईंची जुनी विद्यार्थिनी इंदू, आणि मी. गैरहजर: शिक्षण विभागाचे पाहुणे. येतो म्हणाले होते. त्यांची खुर्ची बराच वेळ रिकामी राहिली, शेवटी युसुफभाईंनी तिच्यावर फुटाण्यांचं पोतं ठेवलं.

शोकसभेत फुटाणे कशासाठी, हे नव्या शिक्षकांना कळलं नाही. एकाने मला हळूच विचारलंही. त्याला तिथे थोडक्यात सांगितलं. पण बाई थोडक्यात सांगता येण्यासारख्या नव्हत्या, म्हणून हे नीट लिहून ठेवते.

मी या शाळेत रुजू झाले ती भूकंपानंतरच्या जूनमध्ये. शाळा गावाच्या टोकाला. किल्लारीकडची घरं पडल्यावर जी कुटुंबं पोटासाठी शहरात आली, ती तिथल्या माळावर पत्र्याच्या शेडमध्ये राहायची. त्यांची मुलं आणि जवळच्या जुन्या वस्तीतली मुलं मिळून आमचा पट. पहिल्या शनिवारी प्रार्थना संपली आणि समोर पाहते तर सगळी शाळा रांगेत उभी, आणि प्रत्येक मुलाचा उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डाव्या कानाकडे गेलेला. मला वाटलं, शिक्षा आहे. कान धरणं म्हणजे दुसरं काय असणार? रांगेतून एक बुटक्या, अंगाने भरलेल्या बाई सावकाश चालल्या होत्या; याच हलीमाबाई. सुती साडी, खांद्यावर पदराला मोठी स्टीलची पिन. मी जवळ जाऊन विचारलं, "बाई, सगळ्यांनी मिळून काय केलं?"

"सगळ्यांनी जन्म घेतला," बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

मग पाहिलं ते असं. ज्याची बोटं कानाला टेकत, त्याला एक मूठ फुटाणे आणि गुळाचा खडा. ज्याची टेकत नसत, त्याला दोन मुठी. फुटाणे युसुफभाईंच्या दुकानातले. मुलांना हिशेब पाठ झालेला असल्यामुळे दर शनिवारी निम्म्या शाळेचे हात आखूड व्हायचे. कोपर आत दुमडून, बोटं मिटून, मान तिरकी करून मुलं अशी काही केविलवाणी उभी राहायची की पाहणाऱ्याला दया यावी. बाईंना यायची नाही. त्या कोपर धरून हात सरळ करायच्या. "देशमुखांच्या बोरीला बरा पोचतो रे हात? तिथं तर कुंपणाच्या पलीकडं जातो." मूल हसायचं, हात लांब व्हायचा, एक मूठ मिळायची. पण काहींचे हात सरळ करूनही पोचत नसत. त्यांच्याशी थट्टा नसे. दोन मुठी देऊन पुढे जात.

मला याद्या करायची सवय तेव्हापासूनची. मी म्हटलं, कुणाचा पोचतो, कुणाचा नाही, हे मी लिहून ठेवते, म्हणजे दर शनिवारी इतका वेळ जाणार नाही. बाई म्हणाल्या, "नको. कागदाला भूक लागत नाही, त्याला काय कळतंय? मला बघू दे." हे त्यांचं नेहमीचं. कागदाला भूक लागत नाही, कागदाला थंडी वाजत नाही, कागदाला नाक नाही म्हणून तो गळत नाही. तीस वर्षं सरकारी शाळेत काढूनही कागदावर त्यांचा भरवसा नव्हता. मोजायचं तर त्या स्वतःच्या अंगाने मोजायच्या. मूल जवळ घेऊन उभं करायचं आणि डोकं कुठे लागतं ते पाहायचं. कंबरेचा, कोपराचा, पिनेचा. गणवेश शिवायला शिंपी आला की त्याला सांगायच्या, पिनेचे अमुक, कोपराचे तमुक. शिंपी नवा असला की गोंधळायचा. "तो कोपराचा गणपत आज दिसून नाही राहिला," असं त्या मला विचारायच्या आणि मला गणपत कोण हे बरोबर कळायचं. पिनेला डोकं लागलं की मूल चौथीत जायला तयार, असा त्यांचा अंदाज. शेडमधली मुलं पिनेला लागेपर्यंत चेहऱ्याने मोठी दिसायला लागायची. त्याचं आम्हाला फार काही वाटत नसे. रोज तीच पाहिली की तीच मापाची वाटतात.

आता प्रवेशाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. शेडमधल्या मुलांचे जन्माचे दाखले नव्हते. काहींचे घराबरोबर गेले, काहींचे कधी काढलेच नव्हते. अशा मुलाचं वय ठरवायची शाळेत जुनी रीत होती: हात डोक्यावरून नेऊन कानाला लावायचा. लागला तर सहा वर्षं पुरी, घ्या पहिलीत. नाही लागला तर अजून लहान आहे, घरच्यांनी कितीही सांगितलं तरी सहाच्या वर लिहायचं नाही. आणि जन्मतारीख सगळ्यांची एक जून. आमच्या शाळेत एक जूनला इतके वाढदिवस असत की कुणाचाच साजरा होत नसे.

इंदूला तिची आत्या घेऊन आली ती याच जूनमध्ये. आईवडील आणि पाठचा भाऊ भूकंपात गेले होते. त्या भावाला सांभाळायचं म्हणून गावात तिला शाळेत घातलंच नव्हतं. टेबलापाशी उभी राहिली तर टेबलाच्या वर फक्त डोळे आणि भांग. बाईंनी वय विचारलं. आत्या म्हणाली, "सा असंल, न्हाईतर आठ असंल. तिच्या मायला ठावं होतं." बाईंनी इंदूला हात डोक्यावरून न्यायला सांगितला. बोटं कानाच्या जराशी वर थांबली. मग का कोण जाणे, बाईंनी तिला तोंड उघडायला सांगितलं. पुढचे चारही वरचे दात नवे आलेले, मोठे, करवतीच्या कडांचे. माझ्या घरी तेव्हा लहान भाचे होते, मलाही कळलं की हे सहा वर्षांचं तोंड नाही.

बाईंनी मला हळूच हिशेब सांगितला. आठ लिहिलं तर तिला तिसरीत बसवा म्हणतील, आणि तिला अक्षरओळख नाही. पहिलीत आठ वर्षांची म्हणजे साहेब तपासणीला आले की विचारणार. शिवाय उंची सहाचीच होती. "हात सहाचा हाय," बाई म्हणाल्या, "बस पहिलीत." आत्या हात जोडून गेली. त्या दिवशी आणखी कितीतरी मुलं याच हिशेबाने पहिलीत बसली. त्यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही. मुलं शाळेत आली होती, हीच मोठी गोष्ट होती.

इंदू चौथीत गेली त्या वर्षी डॉक्टर आले. एका संस्थेने ठरवलं होतं की शहरातल्या ज्या शाळांमधली मुलं वाढीत मागे आहेत, तिथे रोज दूध आणि शेंगदाण्याची चिक्की द्यायची. त्यासाठी दोन शाळा तपासायला घेतल्या. एक आमची, दुसरी औसा रोडकडच्या बंगल्यांच्या वस्तीतली. भिंतीला पट्टी लावून उंची घेतली, वजन घेतलं, आणि शाळेच्या नोंदीतलं वय बघून तक्त्यावर ठिपके दिले. तक्त्यावर एक रेघ होती. वयाच्या मानाने उंची ठीक असली की ठिपका रेघेवर यायचा.

आमचे जवळजवळ सगळे ठिपके रेघेवर आले.

डॉक्टर तरुण होते, मनापासून खूष झाले. त्यांनी सगळ्या शिक्षकांना बोलावून तक्ता दाखवला. म्हणाले, बंगल्यांतली मुलं आणि तुमची मुलं, वयाच्या मानाने काही फरक नाही. भूकंपातून आलेल्या मुलांची इतकी काळजी घेतलीत, तुमचं कौतुक आहे. मुख्याध्यापकांनी चहा मागवला. दूध-चिक्की दुसऱ्या एका शाळेला गेली.

बाईंनी चहा घेतला नाही. मधल्या सुटीनंतर चौथीचा वर्ग त्यांनी पटांगणात बसवला आणि एकेकाला तोंड उघडायला लावलं. मुलांना वाटलं नवा खेळ आहे. ती आ करून वाघासारखी गुरगुरायला लागली. बाई दाढा बघत होत्या. शाळा सुटल्यावर मला म्हणाल्या, "सुनंदा, उंचीच्या मापानं आपण वय शिवलं. आता ते अंगाला बरोबर बसतंय, तर डॉक्टर म्हणतोय पोरगं सुदृढ हाय."

मला कळायला जरा वेळ लागला. दर शनिवारी जो हात कानाला पोचत नाही तो उपाशी, हे बाईंना ठाऊक होतं; म्हणूनच दोन मुठी. आणि दर जूनमध्ये जो हात कानाला पोचत नाही तो लहान, असं त्याच बाई लिहीत होत्या. हात तोच होता. इतकी वर्षं दोन्ही गोष्टी एकाच पटांगणावर चालल्या होत्या आणि त्या एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी वयं दुरुस्त करून मागायला बाई शिक्षण विभागाच्या ऑफिसला गेल्या, मी बरोबर होते. साहेब वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग टेबलावर बोटाने एकेक मुद्दा मांडल्यासारखं सांगितलं. वयं बदलायची तर एकाचं नाही, सगळ्या शेडच्या मुलांचं बदलावं लागेल. चौकशी लागेल. ही मुलं चौथीला दहा-अकराच्या पुढची निघतील. स्कॉलरशिपच्या परीक्षेला वयाची अट आहे, ती बसू शकणार नाहीत. पुढे नोकरीला जातील तेव्हा दोन वर्षं आधीच म्हातारी होतील. "दूध एक वर्षाचं आहे, बाई," साहेब म्हणाले, "जन्मतारीख जन्माची आहे. तुम्हीच सांगा काय लिहू."

बाई नमस्कार करून उठल्या. येताना रिक्षात त्या हातातली बुरख्याची घडी सारखी उलटसुलट करत होत्या. त्या वर्षी शेडमधल्या दोन मुलांना स्कॉलरशिप मिळाली. बाईंनी त्यांना पेढे दिले आणि मला म्हणाल्या, "बघ, ह्या पेढ्यांच्या जागी रोजचं दूध असतं." एरवी त्यांनी तो विषय काढला नाही. शनिवारच्या दोन मुठींच्या मात्र तीन झाल्या, आणि युसुफभाईंनी एकदा दुकानात मला विचारलं की आपाच्या शाळेत हत्ती पाळलेत का.

पुढे माझी बदली त्याच औसा रोडकडच्या शाळेत झाली. शाळेभोवती तेव्हा एकेका बंगल्याला मजले चढत होते. गावोगावची, पार हदगाव-धर्माबादकडची मुलं क्लाससाठी लातूरला येऊन राहायला लागली होती. त्यांना खोल्या हव्यात, मेस हव्यात. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया डब्यात सुका मेवा देत आणि तो खात नाही म्हणून माझ्याकडे तक्रार करत. पहिल्या शनिवारी सवयीने मी मुलांना हात कानाला लावायला सांगितले. पहिलीच्या मुलांची बोटं कान ओलांडून गालावर आली. एकाने तर स्वतःच्या नाकाला हात लावून दाखवला.

हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या स्वतः बघायला आल्या. प्रार्थनेला रांगेच्या टोकाशी उभ्या राहिल्या. पाहुण्या म्हणून कुणी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. एकेका मुलाला हात धरून जवळ ओढायच्या आणि पदराच्या पिनेकडे पाहायच्या. मुलांना गंमत वाटत होती, ती आपणहून येऊन टेकून उभी राहत होती. चौथीतला एक मुलगा बरोबर पिनेला लागला. बाईंनी त्याचं नाव विचारलं, दात विचारले, सकाळी काय खाल्लं ते विचारलं. मुलाने लांबलचक यादी सांगितली. मला म्हणाल्या, "आमचा सहावीच्या वयाचा इथं चौथीत उभा राहील, आणि मॅडम, त्याला कुणी ओळखायचं न्हाई." मला त्या कधी मॅडम म्हणत नसत. चहा न घेताच गेल्या.

निवृत्तीनंतर बाई नांदेडला नसरीनकडे राहायला गेल्या. नसरीन तिथे दवाखान्यात नर्स आहे. फोनवर बाई पहिल्यांदा एकच प्रश्न विचारायच्या, "माझी पोरं काय करून राहिली?" मी यादी सांगायचे. गणपत क्लासच्या गल्लीत झेरॉक्स चालवतो. दोघे पोलिसात लागले, एक तलाठी झाला. ते ऐकून बाई खूष व्हायच्या आणि मग हमखास विषय बदलायच्या. त्या तिन्ही नोकऱ्या एक जूनच्याच तारखेवर उभ्या होत्या, हे त्यांनाही माहीत आणि मलाही.

इंदूचं नाव मी शेवटी घ्यायचे. इंदू बारावी झाली होती. क्लासच्या मुलांच्या मेसमध्ये दोन्ही वेळच्या पोळ्या लाटायची आणि पहाटे पोलिस भरतीच्या अकादमीत पळायची. पळण्यात तिला तोड नव्हती. तिच्या बरोबरच्या मुली सांगायच्या की ही मागे वळून बघते तेव्हा आम्हाला वाटतं ही वाट बघून राहिली. गोळा बरा जायचा. लेखीत हुशार. फक्त उंची कमी पडायची. पोलिसात घ्यायला बाईमाणसाची जेवढी उंची लागते, त्याला ती दोन बोटं कमी होती. अकादमीचे सर तिचं वय कागदावर बघायचे आणि म्हणायचे, अजून वय आहे, एकविसापर्यंत उंची वाढते, लटकत राहा. इंदू लटकायची. अकादमीच्या लोखंडी बारला, मेसच्या मागच्या लिंबाच्या फांदीला, आत्याच्या दाराच्या चौकटीला. मेसमधली क्लासची पोरं जेवायला आली की तिच्या डोक्यावरून हात नेऊन वरच्या फळीवरचं लोणचं काढून घ्यायची. ती चिडवून म्हणायची, "घ्या, घ्या. पुढच्या साली मीच तुमच्या गाडीची पावती फाडणार हाय."

या वर्षीची भरती नांदेडला होती. इंदू बाईंकडे उतरली. मीही प्रशिक्षणासाठी नांदेडला होते, म्हणून तिघी मिळून मैदानावर गेलो. फाटकाच्या बाहेर आईबापांची गर्दी. बाई एका दगडावर बसून होत्या, हातात इंदूच्या चपला, कारण आत जाताना तिने त्या काढून बाईंकडे दिल्या होत्या. आत उंची मोजायचा खांब आमच्या जागेवरून दिसत होता. मुली एकेक करून त्याला पाठ लावत होत्या, वरून लाकडी पट्टी खाली यायची. इंदूची पाळी आली. पट्टी खाली येत राहिली, येत राहिली. बाईंनी खाली मान घातली आणि चपलांची धूळ पुसायला लागल्या.

इंदू बाहेर आली ती हसतच. "दोन बोटं, बाई. मागच्या येळंला बी दोनच होती. म्हंजी कमी तर न्हाई झाली."

बाई म्हणाल्या, "इंदू, इथं बस. एक सांगते."

"सांगा की. पर सर म्हनले, आजून वय हाय माझं. कागद बघून म्हनले. आजून एक-दोन भरत्या मारू शकते." तिने चपला पायात घातल्या, बाईंना दगडावरून उठवलं आणि त्यांच्या खांद्याला डोकं लावून पाहिलं. "तुमच्या पिनेला तर कवाच गेले मी. आता तुमच्यापेक्षा उंच हाय."

ते खरं होतं. बाई पहिल्यापासूनच बुटक्या.

"खा आधी," बाई म्हणाल्या. समोरच्या गाड्यावर भजी घेतली, तिला तिथेच उभं राहून खायला लावली. सांगायचं ते सांगितलं नाही.

दुपारी इंदू बसने लातूरला गेल्यावर बाई माझ्यापाशी बसल्या. म्हणाल्या, "अंगानं ती तेवीस वर्षांची हाय. कागदावर वीस-एकवीस. वाढायची ती वाढली, आता कुठून वाढणार? अन ती वाट बघून राहिली. मी लिहिलेल्या तारखेची वाट बघून राहिली."  मग, "नसरीन म्हणते, नर्सच्या कोर्सला जागा देऊ शकतात. उंची विचारत न्हाईत तिथं. पण ही भरती सोडली तर ना. मी सांगायला गेले तर माझं तोंडच बंद होतंय. मीच तिचा हात धरून पहिलीत बसवली. तू सांग, सुनंदा. तू यादी करतीस ना, घे, लिही." मी वही काढली. त्यांच्यासमोर लिहिलं: इंदूला सांगणे. त्यांनी वाकून पाहिलं, जन्मात पहिल्यांदा माझ्या यादीकडे पाहिलं, आणि मान हलवली.

त्यानंतर दीडेक महिन्यात नसरीनचा फोन आला. झोपेतच गेल्या.

शोकसभेत भाषणं झाली. डॉक्टरांनी तपासणीनंतर पाठवलेलं जुनं कौतुकाचं पत्र मुख्याध्यापकांनी वाचून दाखवलं. शाळेने जपून ठेवलेलं आहे. भूकंपातून आलेली मुलं आणि बंगल्यातली मुलं यांच्या वाढीत काही फरक नव्हता, हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. शेडमधल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. इंदूची आत्या सगळ्यात जोरात. मी खुर्चीच्या कडेला बसून होते. उठून सांगावं असं वाटलं आणि त्याच वेळी पोलिसातले ते दोघे डोळ्यासमोर आले, तो तलाठी आला. मी आता या भागातल्या शाळांची केंद्रप्रमुख आहे. माझ्या तोंडून निघालं की ते नोंदीत जातं. आणि एकट्या इंदूला सांगितलं तरी इंदू ही गोष्ट पोटात ठेवणारी नाही. ती सगळ्या बॅचला जाऊन दात कधी आले ते विचारेल.

सभा संपल्यावर नसरीनने इंदूला कोपऱ्यात बोलावलं. कोर्सचा फॉर्म तिने आणला होता, सोमवार शेवटचा दिवस. इंदूने फॉर्म हातात घेतला, चांगला वाचला आणि नीट घडी घालून परत दिला. "पुढच्या साली भरते, दीदी. नर्स झाले तर मैदानावर पळणार कवा? हलीमाबाईच म्हनायच्या ना, खा आधी. खाऊन राहिले. उंची भरंल." नसरीनने माझ्याकडे पाहिलं. तिला बाईंनी सगळं सांगितलेलं होतं. ती म्हणाली, "मावशी, अम्मी म्हणाल्या होत्या तुम्ही बोलणार." मी म्हटलं, हो.

मग फुटाणे वाटायची वेळ झाली. युसुफभाईंनी पोतं सोडलं. आजची शाळेतली मुलं रांगेत उभी होती, त्यांना रीत माहीत नव्हती, म्हणून इंदू पुढे झाली. बाईंच्या फोटोसमोर पाठ ताठ करून उभी राहिली आणि उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेला. बोटं कानाला लागली, कानावरून खाली गेली, मानेपर्यंत पोचली. फोटोकडे पाहून म्हणाली, "बघा बाई, पोचला. आता एकच मूठ द्या." सगळे हसले. मुलांनीही हात डोक्यावर घेतले. मधल्या रांगेतला एक मुलगा कोपर दुमडून हात आखूड करत होता. इंदूने जाऊन तो सरळ केला.

मी वर्गातल्या खुर्च्या मोजून परत लावल्या, फोटोचा हार नसरीनला दिला, उरलेले फुटाणे शाळेत ठेवायला सांगितले, आलेल्या बायांना रिक्षा करून दिल्या. घरी येऊन यादी काढली. बाकी सगळ्या कामांवर रेघ मारली. सोमवारला एक दिवस आहे. इंदूला सांगायचं राहिलं आहे.